कावळ्याला दिलेला शब्द

माणूस एकदा नगरसेवक झाला की त्याला मरेपर्यंत सुट्टी नसते. मी माजी होऊन बरेच दिवस झाले, तरी सकाळी दात घासत अंगणात उभा राहिलो की फाटकातून आवाज येतोच, "आप्पा, आमच्याकडं घंटागाडी आली नाही."

मी तोंडातला फेस सांभाळत म्हणतो, "अरे, मी पडलो ना बाबा."

"ते माहितीये. मीच नव्हतं दिलं मत. पण गाडी आली नाही."

या अंकाच्या संपादकांनी 'कारकिर्दीतलं काहीतरी लिहा' म्हणून गळ घातली, तेव्हा बायको आतून म्हणाली, "खरं तेवढंच लिहा." मी म्हटलं, "मग त्यांना पान कोरं सोडावं लागेल." तरी प्रयत्न करतो. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण बोलताना माझ्या तोंडात अजून नगरच येतं. तसं काही जुनं या लिहिण्यातही येईल, ते चालवून घ्या.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नगरसेवक म्हणजे सभागृहात माईक ओढून गरजणारा माणूस. तेही मी केलं. आमच्या सावेडी उपनगराच्या पाण्यावर एकदा असा गरजलो की सभागृहातले पंखे फिरायला लागले, आणि वीज तर सकाळपासून गेलेली होती. पण गरजणं हा दुकानाचा दर्शनी भाग. आतला खरा धंदा हजेरीचा. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, जागरण-गोंधळ, लग्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा दहावा. लग्नाला गेला नाहीत तर लोक विसरतात. दहाव्याला गेला नाहीत तर तुमचा नातू निवडणुकीला उभा राहील तेव्हा त्याला ऐकवतात, "तुमचे आजोबा आमच्या म्हातारीच्या दहाव्याला आले नव्हते."

ज्यांच्याकडं ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस गेल्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी अमरधामात, म्हणजे स्मशानात, सगळे गोळा होतात. भाताचा पिंड ठेवतात, शेजारी गेलेल्याच्या आवडीचं काहीबाही ठेवतात, आणि कावळा शिवायची वाट बघतात. एकीकडं महाराजांचं प्रवचन, दुसरीकडं श्रद्धांजलीची भाषणं. आमच्याकडं श्रद्धांजलीला पुढारी लागतोच. एकेका सकाळी शेजारी शेजारी तीन-तीन दहावे असतात. अशाच एका गर्दीच्या सकाळी मी घाईत पोचलो, हातात माईक आला आणि मी 'आदर्श माता, सोशीक गृहिणी' म्हणून कंठ दाटून बोललो. खाली बसल्यावर कळलं, गेलेला माणूस पैलवान होता. पण भाषण इतकं छान उतरलं होतं की त्याचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, आमचे बाबा खरंच आईसारखे होते."

कावळ्याची मात्र अशी फसवणूक होत नाही. तो आला नाही की जमलेल्यांची चुळबुळ सुरू होते. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं धरतात. मग एकेक नातेवाईक हात जोडून कबूल करायला लागतो: "धाकट्याचं शिक्षण मी बघतो." "आईला अंतर देणार नाही." एखादा शब्द बरोबर लागला की कावळा येतो. वकील, प्राध्यापक, विज्ञानाचे मास्तर, सगळे त्या वेळी आभाळाकडं बघत असतात. मीही बघायचो. नगरचे कावळे मला चांगले ओळखायचे. पांढरा शर्ट फाटकातून आत आला की ते झाडावर सरसावून बसायचे, की आता भाषण लांबणार.

या कावळ्यांपैकीच एकानं माझी नगरसेवकी घेतली.

माझ्या वॉर्डात बंगल्यांची एक कॉलनी होती आणि तिच्या पाठीमागं छोट्या घरांची एक गल्ली. कॉलनीत निवृत्त मास्तर, बँकवाले, डॉक्टर. गल्लीत रिक्षावाले, गवंडी, जामखेडकडून आलेली ऊसतोड्यांची घरं. दोन्हींच्या मधून मंजूर नकाशातला रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावर कॉलनीनं आडवी भिंत घातली होती. चोऱ्या होतात, वर्दळ वाढते, ही कारणं. भिंत बेकायदा आहे हे कॉलनीला माहीत होतं, गल्लीला माहीत होतं, महापालिकेला माहीत होतं आणि मला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पण कॉलनीची मतं गठ्ठ्यानं माझी होती, आणि गल्लीची मतं गोड बोललं की माझी होती. अशा ठिकाणी शहाणा नगरसेवक भिंतीकडं बघत नाही.

गल्लीत किसन राहायचा. मूळचा खर्ड्याकडचा. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, हा शहरात राहून रिक्षा चालवायला लागला. कॉलनीतली पोरं शाळेत न्यायचं काम त्याच्याकडं. पोरं त्याला 'रिक्षाकाका' म्हणायची. शाळा होती गल्लीच्या बाजूला. भिंत नसती तर कॉलनीतून सरळ गल्ली, गल्लीतून शाळा. भिंतीमुळं त्याला मनमाड रोडवर बाहेर पडावं लागायचं, दुभाजकाच्या दूरच्या फटीपाशी वळायचं, कॉलनीत शिरायचं, पोरं भरायची आणि पुन्हा त्याच रोडनं कंटेनरांच्या रांगेतून माघारी यायचं. मी दिसलो की तो रिक्षा हळू करून म्हणायचा, "आप्पा, भिंतीचं बघा की." मी हात वर करून म्हणायचो, "बघतो." नगरसेवकाचं निम्मं आयुष्य या एका शब्दावर निघतं. किसनही कधी रागावला नाही. तो 'बघा की' म्हणायचा, मी 'बघतो' म्हणायचो. आमचा तो रामरामच झाला होता.

असा धडधाकट माणूस एका सकाळी रिक्षा पुसता पुसता छातीत कळ येऊन गेला.

दहाव्याला अमरधाम भरून गेलं होतं. गल्ली होतीच, कॉलनीसुद्धा आली होती, कारण प्रत्येक घरातलं एक तरी पोर त्याच्या रिक्षेतून शाळेत गेलेलं. मी श्रद्धांजली वाहिली. या वेळी माणूस बरोबर होता आणि शब्दही खरे होते. पिंड ठेवला. शेजारी किसनच्या आवडीची भेळ. कावळे झाडावर हजर, पण एक खाली येईना.

त्याच्या भावानं आईची जबाबदारी कबूल केली. कावळा हलला नाही. चुलत्यानं पोरीच्या लग्नाचा शब्द दिला. नाही. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात किसनची बायको ताराबाई पदर सावरत पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यांचा जीव कशात हाय ते मला ठाव हाय. भिंतीत हाय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी इकडं तिकडं बघितलं. दुसरा कुणी नगरसेवक जवळपास नव्हता.

"आप्पा, तुमी बोला," ती म्हणाली. "त्यांनी तुमालाच सांगितलं हुतं ना?"

मी हात जोडले. आता बोलायला लागलो की मला आवरता येत नाही, हे माझ्या बायकोला विचारा. मी म्हणालो, "किसन, निश्चिंत जा. तुझी रिक्षा त्या रस्त्यानं जाईल. भिंत राहणार नाही. हा आप्पाचा शब्द." शेवटचं अक्षर तोंडातून सुटतंय तोवर फडफड झाली आणि कावळा पिंडावर. एक नाही, चांगले पाच-सहा. भेळेचा चुरमुरासुद्धा ठेवला नाही. गल्लीतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. कॉलनीचे अध्यक्ष बोरुडे सर, गणिताचे निवृत्त मास्तर, माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलंय.

स्कूटरवरून घरी येताना सिग्नलला उभा होतो. शेजारच्या माणसानं छत्री मिटली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताराबाईचा भाऊ पिंडाच्या अगदी जवळ भली मोठी काळी छत्री उघडून उभा होता, तिच्या म्हाताऱ्या सासूला सावली म्हणून. माझं बोलणं संपत आलं तशी त्यानं छत्री मिटून दोन पावलं मागं घेतली. कावळा त्यानंतर आला!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात. "ताराबाई, ती छत्री कुणाची?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "छत्री भावाची. कावळा माझा न्हाई."

पुढं काय बोलणार? गावभर सांगत फिरू, की तीन टर्मच्या नगरसेवकाला छत्रीनं गुंडाळलं? मी स्वतः किती जणांना गुंडाळलं त्याचा हिशेब नाही. गुंडाळणाऱ्या माणसाचा मला आदरच आहे. पण घरी येईपर्यंत एक गोष्ट टोचायला लागली. जिवंत किसन वर्षानुवर्षं रिक्षा हळू करून तेच सांगत होता. मेल्यावर त्याचं एका सकाळीत ऐकलं गेलं. माणसाला आपलं साधं काम करून घ्यायला आधी मरावं लागत असेल, तर आम्ही निवडून आलेले लोक नक्की कशाला असतो?

ताराबाईला घाई होती आणि तिची घाई खरी होती. किसननं संध्याकाळी मैदानावर नेऊन तिला रिक्षा शिकवली होती. लायसन काढलेलं होतं. पोरांची रिक्षा आता ती स्वतः चालवणार होती. घर त्यावरच चालायचं होतं. कॉलनीतल्या आयांची तिला हरकत नव्हती. हरकत मनमाड रोडची होती. नव्या हातानं, आमची पोरं बसवून, कंटेनरच्या मधून? नको बाई. गल्लीतून नेणार असशील तर आनंदानं पाठवू, नाहीतर शाळा उघडली की बस लावू. म्हणजे जूनच्या आत भिंत गेली तर रिक्षा चालू, नाही गेली तर रिक्षा विकायची आणि पुन्हा कोयता हातात.

मी कॉलनीच्या गणपती मंदिरात बैठक लावली. सुरुवातीलाच बोरुडे सरांवर चढाई केली. सर दर शनिवारी शिंगणापूरला जातात, हे सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, "सर, ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथं तुम्ही दर्शनाला जाता, आणि इथं रस्त्यालाच भिंत घालता?"

सर शांतपणे म्हणाले, "तिथं राखायला शनिदेव बसलेत, आप्पासाहेब. इथं कोण बसलंय? तुम्ही."

सभामंडप असा हसला की वरची घंटा आपोआप वाजली. मग सरांनीच तोडगा काढला. भिंत राहू द्यायची, तिच्यात माणूस जाईल एवढं छोटं फाटक ठेवायचं, दिवसा उघडं, संध्याकाळी बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी? माझ्या अंगावरून गार वारं गेलं. मधला मार्ग म्हणजे आमच्या धंद्यातलं अमृत. भिंत पडली असं गल्लीत सांगता येत होतं, भिंत राहिली असं कॉलनीत सांगता येत होतं. आठवड्यात फाटक बसलं. मी फीत कापली, नारळ फोडला, पेढे वाटले.

पेढे वाटत असतानाच गल्लीच्या बाजूनं रिक्षा आली. ताराबाई. फाटकापाशी थांबली, इंजिन चालूच, आणि तिनं हॉर्न दिला.

"आप्पा, कुठून घालू?"

लोक हसले. मी म्हटलं, "ताराबाई, एवढं तरी झालं ना? हळूहळू होईल. आणि कावळा तर शिवला, आता किसनचा जीव मोकळा झाला."

"कावळा तुमच्या बोलन्यावर शिवला," ती म्हणाली. "केल्यावर न्हाई."

पेढा माझ्या हातातच राहिला. तिनं रिक्षा फिरवली आणि गल्लीच्या तोंडाकडं, मनमाड रोडच्या दिशेनं निघाली. कॉलनीतल्या एका डॉक्टरीणबाईनं तिला त्या दिवशी बोलावलं होतं. रोडनं येऊन दाखव, मग पोराचं बघू, असं काहीतरी. मी स्कूटर काढली आणि मागं गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही.

माझ्या गोष्टीत पंखे विजेवाचून फिरतात हे वाचकांना कळून चुकलं असेल. पण आता सांगतो त्यात मला काही वाढवायचा धीर होत नाही. रिक्षा रिकामी होती. एक कंटेनर शेजारून गेला तशी ती कडेला सरकली. दुभाजकाच्या फटीपाशी ती वळायला थांबली, पण समोरून कुणी थांबेना. पुढचं चाक एका बाजूला, मागची दोन दुसऱ्या बाजूला, अशी ती मध्येच अडकली. मागून आलेल्या ट्रकनं कचकन ब्रेक मारला, ड्रायव्हर शिव्या देत हॉर्न दाबून बसला. ताराबाईनं मागं बघितलं नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून ती समोर बघत बसली होती, आणि तिची पाठ दगडासारखी ताठ होती. फट मिळाली, ती वळली, पुढं गेली. मी मात्र रोडच्या कडेला कितीतरी वेळ स्कूटरवर बसून होतो. मला एकच दिसत होतं: मागच्या सीटवर पोरं असती तर.

त्याच दिवशी मी बोरुडे सरांच्या घरी गेलो. "सर, भिंत जाणार. नोटीस रीतसर निघेल, मुदत मिळेल. पण जाणार. पाठीमागून करायला नको म्हणून तोंडावर सांगायला आलो."

"मतंही जातील, आप्पासाहेब."

"जातील."

"मग हा उपद्व्याप कशासाठी?"

"शब्द दिलाय."

"कावळ्याला?" सरांनी चष्मा काढला.

"हो. माणसांना बरेच देऊन बघितले, सर. ते विसरतात, मग मीही विसरतो."

सर हसले नाहीत. चहा मात्र पाजला.

नोटीस निघाली, मुदत संपली, आणि शाळा उघडायच्या आत एका सकाळी जेसीबी आला. भिंत इतकी कच्ची निघाली की दात लागायच्या आधी नुसत्या आवाजानंच पडली असती. शाळेच्या पहिल्या दिवशी ताराबाईची रिक्षा कॉलनीतून गच्च भरून निघाली आणि गल्लीतून सरळ शाळेकडं गेली. आत पोरं बोंबलत होती. मी कडेला उभा होतो. ती थांबली नाही. शाळेची वेळ होती.

त्यानंतरच्या निवडणुकीत मी पडलो. थोडक्यात नाही, चांगला आपटलो. कॉलनी गेली हे समजत होतं. गल्ली गेली हे समजायला वेळ लागला. रस्ता उघडला तसा सगळ्या सावेडीला जवळचा मार्ग सापडला. मोटारसायकली, टेम्पो, पार्सलवाले, सगळे गल्लीतून सुसाट. बंद गल्ली होती तेव्हा उन्हाळ्यात बायका रस्त्यावर खाटा टाकून कुरडया वाळवायच्या. पोरांनी भिंतीवर कोळशानं स्टंप काढलेले असायचे. म्हातारे भिंतीला टेकून बसायचे. मी भिंत पाडली त्याबरोबर त्या गल्लीचं अंगणही पडलं, आणि हे मला आधी दिसलं नव्हतं. दिसलं असतं तरी भिंत पाडली असती. पण निदान म्हाताऱ्यांना टेकायला काहीतरी बघितलं असतं. लोकांची कामं करताना एवढं एक शिकलो, की कुठलंही काम एकटं येत नाही. आपल्या शेपटीला दुसरं बांधूनच येतं.

मागच्या महिन्यात माझ्या फाटकाशी ओळखीचा हॉर्न वाजला.

"आप्पा, त्या रस्त्याला ब्रेकर टाका. मोटारसायकलवाले लई बेफाम येत्यात. परवा पोरगं रिक्षेतून उतरलं अन् चाकाखालीच जायाचं. मी ओढलं म्हनून."

"ताराबाई, मी आता कोण? नव्या नगरसेवकाला सांगा."

"त्याला सांगितलं. तो 'बघतो' म्हनला."

या शब्दाची किंमत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात गेलो. पूर्वी मी आलो की साहेब उठून उभे राहायचे. आता खिडकीपुढं रांग होती, मी रांगेला लागलो. माझ्या पुढं पांढऱ्या केसांचा एक माणूस कापडी पिशवी धरून उभा. वळला. बोरुडे सर! भिंत पडल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"सर, तुम्ही इथं?"

"नात सायकल शिकतेय," सर म्हणाले. "त्याच रस्त्यावर." आणि जरा थांबून, "परवा एकानं तिला घाबरवलं."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खिडकीतली मुलगी नवीन, आम्हाला दोघांनाही न ओळखणारी. "बोला आजोबा."

"गतिरोधक हवाय," सर म्हणाले आणि रस्ता सांगितला.

"कुणाच्या घरासमोर टाकायचा?"

माझ्या सगळ्या टर्ममध्ये कित्येक गतिरोधक या एका प्रश्नावर आपटून मेलेले मी बघितलेत. गतिरोधक सगळ्यांना हवा असतो आणि दुसऱ्याच्या दारात हवा असतो. कारण दिवसभर गाड्या आदळतात, करकचून थांबतात, घरात भांडी वाजतात. भांडणं होतात, सह्या होतात, कोर्टात जातात. मी मनातल्या मनात तयारी केली, की आता सर गल्लीतलं एखादं घर सांगणार आणि मला मध्ये पडावं लागणार.

सरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या," ते म्हणाले. "लिहा, बोरुडे. माझ्या फाटकासमोर."

मुलीनं लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. "आणि तुमचं काय काम, आजोबा?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी सरांच्या बरोबर आहे."